वहीतले 41 अर्थ पाठ करू नको

या आठवड्याचं पत्र आधी देते, थोडं कमी केलंय पण शब्द त्याचेच आहेत.

"ताई नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे. वय 23, बीकॉम, सगळं शिक्षण मराठी मीडियम. वडील आयुष्यभर लूमवर होते, त्यांनीच ओळखीनं मला इथं कामाला लावलं. मागच्या महिन्यात बाहेरच्या पार्टीचा मेल आला, प्लीज सेट असाइड द ब्लू लॉट. मला सेट म्हणजे टॉवेलचा सेट एवढंच माहीत, एक मोठा, एक हँड टॉवेल, एक नॅपकिन. मी बायकांना सांगून निळ्या मालाचे सेट करायला लावले, वरून रिबिन लावली, स्टिकर पण लावले. तिसऱ्या दिवशी कळलं की तो माल नुसता बाजूला ठेवा म्हणत होते. सगळं परत खोललं, दोन दिवस गेले. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, माझी पार वाट लावलीस, डिग्री काय चाटायची? तेव्हापासून रोज पहाटे पाचचा गजर लावून डिक्शनरी घेऊन बसतो. एकट्या सेटचे दोन पानं अर्थ आहेत. वहीत 41 उतरवलेत, पाठ करतो, सकाळचं रात्री आठवत नाही. एका शब्दाचे एवढे, तर हजार शब्दांचे किती? किती पाठ करू? क्लास लावू का? का इंग्रजी आपलं काम नाही म्हणून नाद सोडू? झोप नाही, खरं ते सांगा. तुमचा एक टॉवेलवाला, सोलापूर."

अरे, आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. नाद सोडायचा नाही. आणि त्या वहीतले 41 अर्थ पाठ करणं आजपासून बंद. दोन्ही गोष्टी मी अगदी मनापासून सांगतेय, तुला बरं वाटावं म्हणून नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन, आणि एका शब्दाखाली रेघा मारत गेले. कुठला शब्द सांगू? लावणे. एवढ्याशा पत्रात तू तो सात वेळा वापरलास. वडिलांनी कामाला लावलं, बायकांना सेट करायला लावले, रिबिन लावली, स्टिकर लावले, वाट लावली, गजर लावला, क्लास लावू का. आता बघ, कामाला लावणे म्हणजे नोकरी मिळवून देणे, करायला लावणे म्हणजे दुसऱ्याकडून करून घेणे, रिबिन लावली म्हणजे बांधली, स्टिकर लावले म्हणजे चिकटवले, वाट लावली म्हणजे नुकसान केलं, गजर लावला म्हणजे घड्याळाला वेळ ठरवून दिली आणि क्लास लावणे म्हणजे फी भरून जायला सुरुवात करणे. सात वेळा शब्द, सात वेगळे अर्थ, आणि लिहिताना तू एकदासुद्धा अडला नाहीस. मलाही वाचताना अडायला झालं नाही. यातला एक तरी अर्थ तू कधी वहीत उतरवून पाठ केला होतास का?

माझ्या शेजारी तीन वर्षांची नात आहे आजीकडे राहणारी, भिंतीपलीकडून तिचा आवाज दिवसभर येत असतो. आजी कार्टून लाव. आजी मला पण टिकली लाव. आजी दार लाव ना, भू भू येईल. तीन वर्षांचं पोर, अजून र म्हणता येत नाही नीट, पण कार्टून लावणं म्हणजे चालू करणं आणि दार लावणं म्हणजे बंद करणं हे तिला पक्कं कळतं. नीट बघ हां, टीव्ही लावला की चालू होतो आणि दार लावलं की बंद होतं, शब्द एकच आणि अर्थ अगदी उलट! आणि तिला कुणीही समोर बसवून समजावलेलं नाही. तिनं "लावणे" हा शब्द सुटा कधी ऐकलाच नाही, प्रत्येक वेळी दार, टिकली, कार्टून यांच्या सोबतच ऐकला. शब्दाचा अर्थ हा त्याच्या शेजारच्या शब्दात असतो. मला तुला एवढंच सांगायचंय, पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

आपण सोलापूरची माणसं तर यात जन्मापासून तयार असतो रे. मी पूर्व भागात वाढले, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या आळीत कन्नड, दुकानात उर्दू मिसळलेली हिंदी. आमच्या घरात तेलुगूत "पेट्टु" हा शब्द दिवसातून शंभर वेळा यायचा. बोट्टु पेट्टु म्हणजे कुंकू लाव, अन्नम् पेट्टु म्हणजे जेवायला वाढ, पेरु पेट्टु म्हणजे नाव ठेव (बाळाचं, बारशातलं), मुद्दु पेट्टु म्हणजे पापा घे, दीपम् पेट्टु म्हणजे दिवा लाव. आणि कन्नडवाल्या मैत्रिणीच्या घरी "हाकु", बागिलु हाकु म्हणजे दार लाव, बट्टे हाकु म्हणजे कपडे घाल, नीरु हाकु म्हणजे पाणी घाल. आम्ही पोरं तिन्ही घरात फिरायचो आणि तिन्ही ठिकाणी बरोबर तेच करायचो जे सांगितलं. आमच्यातल्या कित्येक जणांच्या आया शाळेत गेलेल्या नव्हत्या. म्हणून "इंग्रजी आपलं काम नाही" हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. ज्या गावात भाजीवाली चार भाषांत भाव सांगते तिथल्या पोरानं असं म्हणू नये.

आता सेटकडे येऊ. तू घाबरलास ते चुकीच्या शब्दाला घाबरला नाहीस, तो शब्द खरंच मोठा आहे. ऑक्सफर्डची जी सगळ्यात मोठी डिक्शनरी आहे तिची दुसरी आवृत्ती 1989 साली आली, 20 खंडांची. त्या 20 खंडांत सगळ्यात लांब नोंद कशाची होती तर या तीन अक्षरी सेटची, साधारण 430 अर्थ आणि जवळपास 60,000 शब्दांचा मजकूर. एक जाडजूड पुस्तक होईल एवढं. पुढे त्याच लोकांनी नवीन आवृत्तीचं काम करताना "रन"चे अर्थ मोजले, तर नुसत्या क्रियापदाचेच 645 निघाले आणि रन पुढे गेला. म्हणजे तुझे 41 पाठ झाले असते तरी 430 मधले 389 राहिले असते आणि ते कुणाही इंग्रज माणसाला पाठ नसतात. डिक्शनरी ही पाठ करायला नसते, ती अडलं की उघडायला असते, जसा आपण टेलिफोनचा नंबर शोधायचो तशी.

पण एवढ्या 430 च्या मुळाशी काय आहे ते कळलं तर भीती निम्मी होईल, म्हणून सांगते. इंग्रजीत सिट म्हणजे बसणे, आणि सेट हा त्याच सिटपासून झालेला जुना शब्द आहे, म्हणजे बसायला लावणे, बसवणे! आपल्याकडे बसणेचं बसवणे होतं अगदी तसंच. आता आपलं "बसवणे" घे आणि सेटच्या शेजारी ठेवून बघ. हाड बसवणे, इंग्रजीत सेट अ बोन. अंगठीत खडा बसवणे, तिथं पण सेट. मशीन बसवणे, सेट अप. डाइंगवाले म्हणतात ना रंग बसला, आता जाणार नाही, इंग्रजीत पण रंग सेट होतो. संसाराची घडी बसली असं आपण म्हणतो आणि पोरगा पुण्यात सेट झाला असंही म्हणतो, दोन्ही एकच की. सिमेंटचं पण तेच, पाणी घातल्यावर निदान अर्धा तास तरी ते हलवता येतं आणि मग हळूहळू बसायला लागतं, त्याला सेट होणं म्हणतात, आमच्या गल्लीतला गवंडी शाळा न शिकता रोज हा शब्द वापरतो. एखादी गोष्ट तिच्या जागेवर नेऊन पक्की करायची, हा सेटचा गाभा. तारीख सेट करणे, दर सेट करणे, परीक्षेचा पेपर सेट करणे, सगळीकडे काहीतरी हलत होतं ते पक्कं झालं.

आणि जिथं बसवणे पुरत नाही तिथं आपलं लावणे धावून येतं, हे तर मला लिहिता लिहिता सापडलं आणि इतकं आवडलं. सेट द अलार्म, गजर लावणे. सापळा लावणे, सेट अ ट्रॅप. आग लावणे, सेट फायर. कवितेला चाल लावणे, सेट टु म्युझिक. दही लावणे, आणि इंग्रजीत त्या घट्ट दह्याला सेट कर्ड म्हणतात, हॉटेलच्या डब्यावर वाचलं असशील. इतक्या जागी दोन लांबच्या भाषा एकाच वाटेनं गेल्यात.

सगळंच असं बसत नाही हां, ते पण सांगते नाहीतर तू ओढून ताणून बसवत बसशील. सन सेट्स म्हणजे दिवस मावळला, तिथं बसवणेही नाही आणि लावणेही नाही. आणि तुझा टॉवेलचा सेट, सोफासेट, डिनर सेट, सोन्याचा सेट, हॉटेलातला सेट डोसा (दोन-तीन एकत्र देतात म्हणून सेट), हा जो संच वाला सेट आहे तो मुळात वेगळाच शब्द आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनमधला सेक्टा, एका विचाराच्या मागे जाणारी माणसं, ज्यातून पंथ या अर्थाचा सेक्ट पण झाला. दोन शब्द वेगवेगळ्या डोंगरातून आले आणि उच्चार सारखा म्हणून एकमेकांत मिसळून गेले. आपल्या हत्तरसंग कुडलला जाऊन ये एखाद्या रविवारी, तिथं सीना भीमेला मिळते, संगमाच्या पुढं पाणी बघून कुणालाही सांगता येणार नाही यातलं सीनेचं कुठलं आणि भीमेचं कुठलं. तिथल्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. हजार वर्षांपूर्वीची मराठी दगडावर बघितलीस की भाषा किती वळणं घेत येते ते डोळ्यांना दिसतं. तर तुझी चूक नेमकी या संगमावर झाली, मेलमध्ये होता बसवणे वाला सेट आणि तुला माहीत होता संच वाला सेट. यात डोकं नसण्याचा काही संबंध नाही.

मग ओळखायचं कसं? सेटच्या मागेपुढे बघायचं. मागे "अ" किंवा आकडा असेल आणि पुढे "ऑफ" असेल, अ सेट ऑफ थ्री, टेन सेट्स, तर तो संच. पुढे वस्तू असेल, सेट द प्राइस, सेट द डेट, तर ठरवणे. आणि पुढे छोटासा शेपटीचा शब्द असेल, असाइड, अप, ऑफ (हा दोन एफचा, संच वाल्यात एकच एफ), आउट, इन, तर तिथं थांबायचं, कारण शेपटी बदलली की अर्थ कुठल्या कुठं जातो. यात पण नवीन काही नाही, आपलं बघ ना, भाकरीला तोंड लावणे म्हणजे उष्टी करणे आणि शेंगाची चटणी तोंडी लावणे म्हणजे भाकरीबरोबर खाणे. हात लावणे वेगळं, हातभार लावणे वेगळं. एखादा परदेशी माणूस सोलापुरात येऊन मराठी शिकायला बसला तर तोंड आणि तोंडी यात तो तुझ्याइतकाच रडकुंडीला येईल. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज माणसानं 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, 1857 ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आज इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. तुझी झोप गेली ना, तर एक रात्र तो उघड आणि लावणे, घालणे, मारणे, काढणे असले आपले रोजचे शब्द काढून बघ, एका इंग्रजाला आपल्या बोलण्यासाठी किती खपावं लागलं ते कळेल.

आता शेपट्यांमधली एक तुला आधीच येते आणि तुला त्याचा पत्ताच नाही. बीकॉमला इन्कम टॅक्सच्या पेपरात सेट ऑफ अँड कॅरी फॉरवर्ड ऑफ लॉसेस होतं की नाही? सेट ऑफ म्हणजे एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करणे, जीएसटीचं क्रेडिट सेट ऑफ करतो तेच. ते तू पाठ करून शिकलास का गणितं सोडवून शिकलास? गणितं सोडवून. म्हणून तो अर्थ आज चार वर्षांनी पण जागेवर आहे. तोच सेट ऑफ प्रवासात म्हणजे निघणे. आणि सेट द अलार्म म्हणजे गजर लावणे पण सेट ऑफ द अलार्म म्हणजे तो वाजवणे, चोर शिरला आणि भोंगा वाजला तसा. आणखी एक, हे तुला ऑफिसात रोज लागेल, संच वाला "ऑफ" आणि वजावट वाला "ऑफ" मराठीत लिहिले तर सारखेच दिसतात पण इंग्रजीत पहिल्यात एफ एक आणि दुसऱ्यात दोन. घाईत मेल वाचताना तो एक एफ बघत जा.

सेट असाइड बद्दल तर मुद्दाम सांगते कारण त्यानंच तुला पाडलं. मालाच्या बाबतीत सेट असाइड म्हणजे बाजूला ठेवा, हात लावू नका. पैशाच्या बाबतीत राखून ठेवा. पण कोर्टात ऑर्डर सेट असाइड झाली म्हणजे ती रद्द झाली, संपली! आता विचार कर, उद्या तुझ्या कारखान्याच्या एखाद्या केसचा कागद आला आणि तू "आदेश बाजूला ठेवला आहे" असा अर्थ लावलास (बघ, अर्थ पण लावतो आपण) तर केवढ्याला पडेल. तर मागेपुढे बघून झालं की तिसरं बघायचं ते कोण बोलतंय. वकील बोलतोय, का डॉक्टर, का पार्टी, का व्हॉलीबॉलचा कोच. व्हॉलीबॉलमध्ये सेट म्हणजे 25 पॉइंटांचा डाव आणि सेट म्हणजे स्मॅशरला वर चेंडू देणं पण.

आणि तुझ्या वडिलांना विचार. मी खरंच सांगतेय, आज रात्री जेवताना विचार. विणकामात सेट म्हणून एक वेगळाच अर्थ आहे, एका इंचात ताण्याचे किती धागे बसवले ते, इंग्रजीत कधी एक टी लिहितात कधी दोन. त्यांना सेट हा शब्द माहीत नसेल कदाचित, पण फणी कितीची, इंचाला धागे किती, धागे कमी पडले तर कापड कसं झिरझिरीत होतं आणि टेरी टॉवेलला दोन बीम का लागतात, एक जमिनीचा आणि एक वरच्या लूपचा, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. जाड डिक्शनरीत या अर्थाला दीड ओळ असते, तुझ्या घरात त्यावर बोलणारा माणूस बसलाय. ऑफिसात सगळे स्पेसिफिकेशनचे कागद वाचतात पण ते कापड डोळ्यांसमोर आणू शकणारे किती आहेत? तू आणू शकशील, विचारलंस तर.

आता माझं एक सांगते. बरीच वर्षं झाली, आईचं ऑपरेशन झालं होतं, एका दवाखान्यात होतो, नाव नको. सहाव्या दिवशी सकाळी नर्स येऊन बँडेज बघून गेली आणि पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर काहीतरी लिहून गेली. मी बघितलं तर पहिलाच शब्द डिस्चार्ज. एवढा आनंद झाला मला. मी पुढचं वाचलंच नाही. आईची पातळं घडी करून पिशवीत भरली, थर्मास धुतला, चादर घरची होती ती काढून घडी केली, खाली जाऊन रिक्षा थांबवून आले. आई चप्पल घालून पलंगाच्या कडेला बसली होती, केस विंचरून. मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले हे काय? कागदावर लिहिलं होतं डिस्चार्ज फ्रॉम वूंड, जखमेतून पाणी येतंय. सोडणं लांबच, अजून आठ दिवस राहायचं होतं. आईनं काही न बोलता चप्पल काढली आणि परत पाय वर घेतले. तो पाय वर घेतानाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. फ्रॉम आणि वूंड, दोन शब्द फक्त पुढचे वाचले असते तर झालं असतं. डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणे हे मला पाठ होतं ना, तेच नडलं.

म्हणून मी पाठ करू नको म्हणते. पाठ केलेला अर्थ वाक्य पूर्ण व्हायच्या आत उडी मारून पुढे येतो. तुझं पण तेच झालं, सेट दिसला आणि टॉवेलचे तीन नग डोळ्यांसमोर आले, असाइड वर नजर गेलीच नाही.

शेठच्या बोलण्याबद्दल. माल खोलायला लागला, मजुरी गेली, दोन दिवस गेले, त्यांना राग येणारच, तो मी समजू शकते. पण चार माणसांत डिग्री काढणं बरोबर नव्हतं आणि ते तू मनावर घेऊन पहाटे पाचला उठून स्वतःला शिक्षा करत बसणं पण बरोबर नाही. तुझी चूक इंग्रजी न येण्याची नव्हती, तुझी चूक न विचारण्याची होती. एवढा लॉट हातात घ्यायच्या आधी एक ओळ परत पाठवायची होती. "जस्ट टु कन्फर्म, वी विल कीप द ब्लू लॉट असाइड अँड नॉट पॅक इट नाऊ. इज धिस करेक्ट?" बस. परदेशातली पार्टी याला अडाणीपणा म्हणत नाही, उलट काम चोख आहे म्हणते, तिकडं ही रोजची रीत आहे. तू समजलेला अर्थ दुसऱ्या शब्दांत लिहून पाठवायचा ही त्यातली खुबी, मेलमधलाच शब्द परत लिहिलास तर चूक तशीच लपून राहील. वी विल सेट असाइड असं लिहिलं असतंस तर ते हो म्हणाले असते आणि तू रिबिन बांधत बसला असतास.

आणखी एक बारीक गोष्ट, सेटचा भूतकाळ पण सेटच असतो. वी सेट द प्राइस म्हणजे दर ठरवतो का ठरवला, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही, पुढे लास्ट वीक, यस्टरडे असं काही आहे का बघायचं, नसेल तर वरचीच ओळ टाकून विचारायचं.

क्लास लावू का म्हणालास. लाव, पण आधी जाऊन एक दिवस बसून बघ. जिथं शब्दांच्या याद्या देतात आणि दुसऱ्या दिवशी घोकून विचारतात तिथं पैसे घालू नको, नवी पेठेत असू दे नाहीतर जुळे सोलापुरात. जिथं तुझाच मेल घेऊन वाचायला लावतात, तुला बोलायला लावतात, चुकल्यावर थांबून सांगतात तिथं जा. तसा नाही मिळाला तर तीन महिने क्लास नको, तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या दोन-तीन वर्षांचे मेल पडले असतील पार्टीचे, शेठला विचारून ते वाच. तिथं जे शब्द येतात तेच तुला लागणार आहेत, बाकीचे 400 अर्थ कुणाला तरी दुसऱ्याला लागतील. माझ्या अंदाजानं त्या मेलांत सेटचे सात-आठच अर्थ फिरून फिरून येतील, संच, दर ठरवणे, तारीख ठरवणे, बाजूला ठेवणे, सेट अप अ कॉल म्हणजे फोनची वेळ ठरवणे, आणि शेवटी वी आर ऑल सेट म्हणजे आमची तयारी झाली, काढा माल. कधीतरी जूनमध्ये मान्सून हॅज सेट इन असं येईल, म्हणजे पाऊस आला आणि आता मुक्कामाला आहे, कंटेनरला उशीर होईल म्हणून सांगत असतील.

पाचचा गजर सहावर आण. झोप नसलेल्या डोक्यात काही बसत नाही.

आणि ती वही फेकू नको. उलटी कर आणि मागच्या पानापासून सुरू कर. आता एक नियम ठेव, सुटा शब्द लिहायचा नाही, आख्खं वाक्य लिहायचं, जे तुझ्या कामात खरोखर आलं असेल तेवढंच, आणि खाली मराठीत आपण ते कसं बोलू ते. शब्द नाही, बोलणं. पहिलं वाक्य तुझं तुझ्याकडे आहेच, मागच्या महिन्याची तारीख घालून लिही, प्लीज सेट असाइड द ब्लू लॉट, आणि त्याखाली: निळा माल बाजूला ठेवा, अजून हात लावू नका.